हर्मायनी कोणाची?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गणिताचे मास्तर रजेवर होते आणि नववीचा त्यांचा तास माझ्या वाट्याला आला. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की शिकवायचे म्हटले तरी पहिल्या बाकाच्या पलीकडे आवाज पोचला नसता. तेव्हा मुलांना म्हटले, "वाचनालयातली पुस्तकं घ्या आणि गुपचूप वाचत बसा." दहा मिनिटेही झाली नसतील, तोच मागच्या बाकांवर भांडण जुंपले. काय झाले म्हणून विचारले, तर एक चुणचुणीत मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, हा म्हणतो, हर्मायनीचं लग्न हॅरीशीच व्हायला हवं होतं. रॉन म्हणे तिच्या लायकीचा नाही."

मला हसू आले. स्वतःच्या लग्नाला अजून दहा-बारा वर्षे अवकाश असलेली ही मंडळी परमुलखातल्या एका मुलीच्या स्थळाची काळजी वाहत होती! पण खरे सांगायचे तर त्या प्रश्नावर माझेही मत होते, आणि घंटा होईपर्यंत मीही त्या भांडणात भर घातली.

ज्यांना या मंडळींची ओळख नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेने हॅरी पॉटरची सात पुस्तके लिहिली. पहिले १९९७ साली निघाले, शेवटचे २००७ साली. जादूच्या एका निवासी शाळेत तिघे शिकतात. हॅरी हा पोरका मुलगा. रॉन वीझली हा मोठ्या खटल्यातला, थोरल्या भावांचे जुने कपडे वापरणारा, थोडा आळशी, थोडा मत्सरी. आणि हर्मायनी ग्रेंजर ही साऱ्या शाळेत हुशार. सात पुस्तकांत पुष्कळ युद्धे होतात, पुष्कळ माणसे मरतात, आणि शेवटच्या प्रकरणात एकोणीस वर्षांनंतरचे चित्र दिसते. हॅरीचे लग्न रॉनच्या धाकट्या बहिणीशी, जिनीशी झालेले असते आणि हर्मायनीचे रॉनशी. आणि चौघेही आपापल्या मुलांना शाळेच्या गाडीत बसवून द्यायला स्टेशनावर आलेले असतात.  ही पुस्तके मी काही मराठी भाषांतरातून वाचली, तर काही माझ्या मुलीने इंग्रजीतून वाचून मला समजावून सांगितली.

आमच्या वर्गातले भांडण काही नवे नव्हते. साऱ्या जगातल्या वाचकांत त्यावरून तट पडले होते. २००५ साली सहावे पुस्तक निघाले, तेव्हा एका मुलाखतीत हॅरी-हर्मायनीच्या बाजूच्या वाचकांची थट्टा झाली आणि ती मंडळी लेखिकेवर चांगलीच रुसली. गंमत पुढेच आहे. २०१४ साली 'वंडरलँड' नावाच्या मासिकात लेखिकेची एक मुलाखत आली. मुलाखत घेणारी होती एमा वॉटसन, म्हणजे चित्रपटांत हर्मायनीचे काम करणारी नटीच! तिच्यापाशी लेखिकेने कबूल केले, की रॉन आणि हर्मायनीची जोडी आपण स्वतःच्या मनाची हौस म्हणून जुळवली, त्यामागे वाङ्मयीन कारण फारसे नव्हते. त्या दोघांना संसारात समुपदेशकाची पायरी चढावी लागली असती. सात वर्षांपूर्वी लावून दिलेल्या लग्नाबद्दल आईच साशंक झाली म्हटल्यावर वऱ्हाडी मंडळींना चेव न आला तरच नवल.

हा जोड्या जुळवण्याचा नाद आपल्याला परका नाही. द्रौपदीचे मन कर्णाकडे ओढले होते, असे सांगणारे जांभूळ आख्यान आपल्या लोककलावंतांनी पिढ्यान् पिढ्या गायिले आहे. पाच नवरे असलेल्या त्या बाईला व्यासांनी दिलेला संसार आपल्या माणसांना अपुरा वाटला आणि त्यांनी तिच्यासाठी सहावा शोधला! आपण सारेच वाचक मनातून वधूवरसूचक मंडळ चालवत असतो. उंची बघायची, बुद्धी बघायची, घराणे बघायचे आणि गुण जुळतात का ते मोजायचे. या हिशेबाने पाहिले तर हॅरीचे स्थळ निःसंशय सरस. तो शूर, नावाजलेला, आणि मुख्य म्हणजे संकटात हर्मायनी त्याच्या पाठीशी सतत उभी. सातव्या पुस्तकात तिघे रानोमाळ तंबू ठोकत हिंडत असताना रॉन एका रात्री भांडून निघून जातो. हर्मायनी मात्र हॅरीपाशी राहते. चित्रपटवाल्यांनी तर या प्रसंगानंतर त्या दोघांना तंबूत नाचायलाही लावले आहे. पुस्तकात तो नाच नाही.

मग मी रॉनच्या बाजूची का? त्याचे कारण एका लहानशा प्रसंगात आहे. चौथ्या पुस्तकात हर्मायनीच्या ध्यानात येते, की आपल्या शाळेच्या मुदपाकखान्यात एल्फ नावाचे बुटके नोकर राबतात. त्यांना पगार नाही, रजा नाही. ती त्यांच्यासाठी मंडळ काढते, बिल्ले करते आणि ते मुलांच्या गळ्यात मारत फिरते. सारे हसतात. रॉन सर्वांत मोठ्याने हसतो. तीन वर्षे हा विषय निघाला, की याच्या कपाळाला आठी. पुढे सातव्या पुस्तकात शेवटची लढाई सुरू झालेली असते, शाळेच्या भिंती हादरत असतात, आणि एकाएकी रॉनच म्हणतो, की खालचे एल्फ राहिले, त्यांना बाहेर काढायला हवे. आपल्यासाठी मरा असा हुकूम त्यांना सोडणे बरे नव्हे. हे ऐकताच हर्मायनी हातातले सारे टाकून धावत जाते आणि त्याचे चुंबन घेते. लढाई ऐन रंगात, आणि बिचारा हॅरी शेजारी ताटकळत उभा!

चित्रपटात हा प्रसंग दुसरीकडेच घडतो, पाण्याच्या लोंढ्यात भिजल्यावर. एल्फांचा तिथे उल्लेखही नाही. माझ्या मते त्यामुळे सारेच फुकट गेले. रॉनचे शौर्य तिने पूर्वी कितीदा पाहिले होते. त्यासाठी ती धावली नव्हती. तिला जे महत्त्वाचे वाटत होते, ज्याबद्दल जग तिला हसत होते, ते याला अखेर, कोणी न सांगता, स्वतःहून महत्त्वाचे वाटले, म्हणून ती धावली. आमच्या लग्नाला आता वीस वर्षे होत आली. आमचे छत्तीस गुण जुळवून पाहणाऱ्या गुरुजींनी यातले काहीही पाहिले नव्हते. माझी पहिली गोष्ट छापून आली, तेव्हा ह्यांनी ती वाचलीही नाही. पाचव्या की सहाव्या गोष्टीच्या वेळी एका संध्याकाळी हे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "ते दुसरं पान पुन्हा लिही. त्यातली म्हातारी तशी बोलणार नाही." त्या दिवशी पोळ्या करपल्या, एवढेच सांगते. म्हणून लेखिका २०१४ साली काहीही म्हणो, ही जोडी मला खरी वाटते. पुस्तक छापून झाले, की लेखक हाही एक वाचकच उरतो. जरा जास्त माहिती असलेला, इतकेच.

हे सारे हसतखेळत चालले होते. घंटेला पाच मिनिटे उरली असताना खिडकीजवळचा एक अबोल मुलगा म्हणाला, "बाई, हॅरी आणि रॉनचं जाऊ द्या. खरा अन्याय स्नेपवर झाला. त्याने लिलीसाठी एवढं केलं. ती त्यालाच मिळायला पाहिजे होती."

वर्ग एकदम शांत झाला. पुष्कळ माना डोलल्या, मुलींच्यासुद्धा.

स्नेप हा शाळेतला मास्तर. लिली ही हॅरीची आई. दोघे बाळपणचे सोबती. स्नेपचे तिच्यावर प्रेम. पण तो दुष्टांच्या संगतीला लागतो आणि पंधरा-सोळाव्या वर्षी चारचौघांत तिला तिच्या जन्मावरून अत्यंत हीन शिवी देतो. ती मैत्री तोडते. पुढे ती दुसऱ्याशी लग्न करते, आणि स्नेपनेच पोचवलेल्या एका बातमीमुळे नवऱ्यासह मारली जाते. त्यानंतर मरेपर्यंत स्नेप तिच्या मुलाचे गुपचूप रक्षण करतो. वाचताना मीही रडले होते. पण "मिळायला पाहिजे होती" हा शब्द मला खटकला. बक्षीस मिळते, नोकरी मिळते, शिष्यवृत्ती मिळते. माणूस कसे मिळते?

त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या वर्तमानपत्रांत एक शब्दप्रयोग नेहमी येतो, 'एकतर्फी प्रेमातून'. त्याच्यापुढे काय येते ते आपण सारे जाणतो. कॉलेजच्या फाटकाशी कोयता, तोंडावर तेजाब. बातमीदार त्यालाही प्रेमच म्हणतो. माझ्या वर्गातला तो मुलगा गरीब आहे, कोणाच्या वाटेला जात नाही. त्याच्याविषयी मला शंका नाही. पण मी इतके केले, इतकी वर्षे थांबलो, म्हणून माझा तिच्यावर हक्क झाला, हे गणित तिथलेही आणि इथलेही एकच.

खुद्द त्या पुस्तकांत हे गणित खोडलेले आहे. लिलीचा जीव धोक्यात आहे हे कळल्यावर स्नेप खलनायकाला तिला वाचवण्याची विनंती करतो, फक्त तिला. नवरा मेला तरी चालेल, तान्हे मूल मेले तरी चालेल. हे ऐकून म्हातारे मुख्याध्यापक डम्बलडोर त्याची किळस करतात. पुढे लिली मरते, आणि आता काहीच मिळण्याजोगे उरत नाही. तेव्हाच तो खरे चांगले काम करू लागतो. आणि तेव्हासुद्धा वर्गातल्या एका भित्र्या मुलाला तो छळतोच, हे आम्ही मास्तर मंडळींनी विसरू नये. दुसरी गोष्ट मेरोपची. ही खलनायकाची आई. एका देखण्या तरुणाला ती बहुधा वशीकरणाचा काढा पाजते आणि लग्न करते. एके दिवशी काढा देणे थांबवते. आता तरी याचे मन आपल्यावर बसले असेल, अशी तिची आशा असावी. तो तिला तशाच अवस्थेत टाकून जातो, आणि ती अनाथाश्रमात बाळंत होऊन मरते. मला त्या बाईची दया येते. पण ज्याला काढा पाजला त्या माणसाचे काय? त्याला कोणी विचारले होते?

इथे एक अडचण आहे आणि ती लपवणे बरे नाही. याच पुस्तकांत टॉन्क्स नावाची एक मुलगी ल्युपिन नावाच्या माणसावर प्रेम करते. तो नाही म्हणतो. मी वयाने मोठा, दरिद्री, वर मला लांडगा होण्याचा शाप, तुझे माझ्याशी वाटोळे होईल म्हणतो. ती ऐकत नाही. भरल्या मंडळींत त्याला पुन्हा विचारते. आणि पुढे त्यांचे लग्न होते. मला ते लग्न आवडते. मग टॉन्क्सचा चिवटपणा गोड आणि दुसऱ्याचा वाईट, असे कसे? ल्युपिनचेही तिच्यावर प्रेम होते, त्याचा नकार मनापासूनचा नव्हता, हे उत्तर मला सुचते. पण पाठलाग करणारा प्रत्येकजण हेच म्हणतो, की तिचा नकार मनापासूनचा नाही. फार तर एवढे म्हणता येईल, की टॉन्क्सने जे विचारायचे ते समोर उभे राहून विचारले, आणि ल्युपिनला नाही म्हणून निघून जाण्याची वाट मोकळी होती. याहून पक्के उत्तर मला अजून सापडलेले नाही.

आता माझी कबुली. माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक अकरा वर्षे नायिकेची वाट पाहतो. ती दोनदा नकार देते. तो तिच्या भावाच्या शिक्षणाचा खर्च करतो, आईचे दुखणे काढतो, आणि शेवटच्या पानावर ती त्याच्या अंगणात येऊन उभी राहते. त्या पानाने पुष्कळ वाचक मला मिळाले. पत्रे आली, सत्कारही झाला. त्या रात्री उठून मी ती कादंबरी काढली आणि शेवटची तीन प्रकरणे वाचली. तिसऱ्या वेळी ती हो का म्हणते, याचे एकही वाक्य त्यांत नव्हते. तो काय करतो, काय सोसतो, याची पानेच्या पाने. तिच्या मनात काय आहे हे मी लिहिलेच नव्हते, कारण मला ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घ्यावे असे त्या वेळी वाटलेही नव्हते. भावाची फी भरून झाली, आईचे औषधपाणी झाले. उपकार फेडायला ती अंगणात आली, एवढाच त्याचा अर्थ होत होता. काढा मीच उकळला होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला बोलावले आणि सातवे पुस्तक त्याच्या हाती दिले. म्हटले, "स्नेपच्या आठवणींचं प्रकरण पुन्हा वाच. फक्त या वेळी लिली काय म्हणते तेवढंच बघ."

आठवड्याने त्याने पुस्तक परत आणले. मी काही विचारले नाही. दारापर्यंत जाऊन तो परत वळला आणि म्हणाला, "बाई, ती फार कमी बोलते."

"हो," मी म्हणाले.

"पण नाही म्हणून दोनदा सांगते."

तेवढ्यात घंटा झाली आणि तो पळाला. कादंबरीची नवी आवृत्ती निघायची आहे. शेवटचे प्रकरण बदलते असे प्रकाशकांना कळवले, तर ते म्हणतात, वाचकांना जुनेच आवडते, तुम्ही कशाला हात लावता. दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे आटोपले, की मी ते लिहायला बसणार आहे.