काटकपणाचा दाखला

पळता पळता कोसळणाऱ्या तरुणाचा एक व्हिडिओ या आठवड्यात ज्याच्या मोबाइलवर आला नाही असा माणूस कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत सापडणे कठीण. त्याखाली जी निदाने लिहिली गेली, तीही सगळ्यांनी वाचली आहेत. एकाला लस दिसली, दुसऱ्याला प्रोटीन पावडर, तिसऱ्याला नजर. या तिघांना लिंबू सरबत देऊन बाजूला बसवू. खरा त्रास चौथ्या गृहस्थांचा आहे. त्यांचे म्हणणे असे, की हार्टचा प्रश्नच येत नाही, गडी काटक होता, लोहगड धावत चढायचा, त्याला कधी साधी सर्दी झाली नाही.

काटकपणा हा मावळातला सर्वांत सोपा दाखला आहे. त्यासाठी वडगावच्या कचेरीत रांग लावावी लागत नाही, शिक्का लागत नाही, फी लागत नाही. कोणीही कोणालाही तो देतो आणि बहुधा माणूस गेल्यावर देतो. पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी करणारा पोरगा पहाटे रस्त्याच्या कडेने पळतो, म्हणून काटक. जत्रेच्या आखाड्यात नारळाची कुस्ती मारली, म्हणून काटक. राजमाचीला चालत जाऊन त्याच दिवशी परत आला, म्हणून तर फारच काटक. आतले हृदय कसे आहे हे यातल्या एकाही पराक्रमाने कळत नाही, पण तसे म्हणणारा माणूस गावात कुचका ठरतो.

या दाखल्याला मग रक्ताची जोड मिळते. आपण मावळे, आपल्या रक्तातच दम आहे, असे लिहिलेले फ्लेक्स तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत चौकाचौकात लटकतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मावळ्याचे शौर्य इतक्या पिढ्या ओलांडून आजच्या पोरात उतरते, यावर या मंडळींचा पूर्ण विश्वास आहे. सख्ख्या बापाच्या हृदयाचा दोष मात्र एका पिढीचेही अंतर कापू शकत नाही. दम वारशाने येतो आणि आजार तेवढा बाहेरून, असे हे आनुवंशिकतेचे नवे शास्त्र. आणि बारा मावळांत तेव्हा चढणीवर कोसळलेल्या एखाद्या विशीतल्या गड्याची नोंद कोणी कशाला ठेवली असती? ज्याला तलवार लागली नाही तो बखरीत येत नाही.

पळता पळता तरुण कोसळण्यामागे जो आनुवंशिक आजार असू शकतो, त्याचे नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. हृदयाच्या स्नायूची भिंत, बहुधा डाव्या कप्प्याची, कारण नसताना जाड होते. रक्तदाब वाढलेला नसतो, झडप बिघडलेली नसते, तरी भिंत 15 मिलिमीटरच्या पुढे जाते. स्नायूतंतूंची मांडणी विस्कटलेली असते. अशा स्नायूतून विजेचा संदेश नीट वाहत नाही आणि जोराच्या श्रमात कधीतरी ठोक्यांची लय एकदम बिघडते. लंडनचे विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर यांनी 1958 मध्ये अशा आठ रुग्णांची हृदये तपासून त्यांचे वर्णन लिहिले. त्यातले बहुतेक तरुण होते आणि अचानक गेले होते. 1990 मध्ये त्यामागचे पहिले जनुक सापडले. साधारण 500 माणसांत एकाला हा आजार असतो, असा गेली अनेक वर्षे वापरला जाणारा अंदाज आहे. दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो आणि प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो की मुलगी.

हा हार्ट अटॅक नव्हे, हेही एकदा स्पष्ट व्हायला हवे. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. पस्तिशीनंतर पळायला लागलेल्या साहेबांना मुख्यतः त्याची भीती. विशीतल्या खेळाडूच्या नळ्या स्वच्छ असू शकतात. त्यामुळे ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल होते हो’ हे वाक्य तिथे निरुपयोगी ठरते.

हा गोऱ्यांचा आजार आहे, अशीही एक समजूत आहे. पेरुंदुराई धंदपाणी, हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि त्यांचे सहकारी यांनी 2009 मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवले, की हृदयाच्या स्नायूतले एक प्रथिन बनवणाऱ्या एमवायबीपीसी3 या जनुकातला 25 अक्षरांचा एक तुकडा सुमारे चार टक्के भारतीयांमध्ये गळालेला असतो. पुढच्या संशोधनाने हेही सांगितले, की नुसता तुकडा गळालेल्या बहुसंख्यांना काही होत नाही, सोबत दुसरा दोष असला तर धोका वाढतो. म्हणजे घाबरून बसायचे कारण नाही, पण ‘आपल्याकडे हे नसते’ असे म्हणायचेही नाही.

काटक माणसाला हा आजार असू शकतो याचा जिवंत पुरावा हवा असेल तर अन्वर अली पाहावा. पंजाबचा मुलगा, 2017 च्या 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारताच्या बचावफळीत खेळलेला. 2019 मध्ये मुंबई सिटी एफसीने त्याला घेतले आणि वैद्यकीय तपासणीत हाच आजार निघाला. महासंघाने त्याला खेळण्यापासून रोखले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तज्ज्ञांचे सल्ले झाले, तो परतला. 2022 मध्ये एफसी गोवाकडून खेळला, त्याच वर्षी मार्चमध्ये भारताच्या मुख्य संघात आला आणि जूनमध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल केला.

या गोलावरून आपल्याकडच्या मंडळींनी लगेच दुसरा निष्कर्ष काढला, की बघा, डॉक्टर उगाच घाबरवतात. कमाल आहे. डॉक्टरांनी शोधले म्हणूनच तो जाणूनबुजून, तपासण्या करून, धोका समजून घेऊन खेळतो आहे. पूर्वी हा आजार निघाला की खेळाडूला सरसकट घरी बसवत. आता अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनाही सरसकट बंदी घालत नाहीत. धोका मोजा, खेळाडूशी बोला, निर्णय दोघांनी मिळून घ्या, असे त्या सांगतात. सगळ्या आनुवंशिक आजारांना हे लागू नाही. इंग्लंडचा फलंदाज जेम्स टेलर 2016 च्या एप्रिलमध्ये सामन्यापूर्वीच्या सरावात अस्वस्थ झाला. आधी विषाणूचा त्रास वाटला, मग उजव्या कप्प्याच्या स्नायूचा आनुवंशिक आजार निघाला आणि 26 व्या वर्षी त्याने बॅट ठेवली. त्या आजारात दीर्घ श्रम स्नायूची हानी वाढवतात. नाव कळल्याशिवाय खेळायचे की थांबायचे हे ठरत नाही. काटकपणाच्या दाखल्यावर नावाचा रकानाच नसतो.

व्यायामाने हृदय मोठे होतेच, मग त्यात काय, असाही मुद्दा येतो. होते, पण किती? इटलीच्या पेलिच्चा यांनी 1991 मध्ये 947 अव्वल खेळाडूंची हृदये मोजली. 13 मिलिमीटर किंवा त्याहून जाड भिंत फक्त 16 जणांची होती आणि 16 मिलिमीटरच्या पुढे एकही गेला नव्हता. शंका असेल तर काही महिने सराव थांबवून पुन्हा मोजतात. व्यायामाने वाढलेली जाडी उतरते, आजाराची उतरत नाही.

तपासणी म्हणजे विमा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. इटलीने 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली आणि व्हेनेटो प्रांतात अशा खेळाडूंचे अचानक मृत्यू 89 टक्क्यांनी घटले. याउलट इंग्लंडमध्ये 11,168 किशोर फुटबॉलपटूंची ईसीजी आणि इकोने तपासणी झाली, त्यांच्यापैकी पुढे हृदयविकाराने आठ जण दगावले आणि आठांपैकी सहा जणांची तपासणी नॉर्मल आली होती. म्हणून इथल्या प्रत्येक पोराचा इको काढा असे कोणी म्हणत नाही. पळताना शुद्ध हरपली, श्रमात छातीत दुखले, किंवा घरात पन्नाशीच्या आत कोणी अचानक गेले असेल, एवढ्यांनी तरी ईसीजी आणि इको करून घ्यावा. पळताना चक्कर आलेल्या पोराला आपल्याकडे ‘उपाशी पळाला असेल’ म्हणत लिंबू सरबत पाजतात. सरबताने सगळे बरे होते, हा मावळातला दुसरा दाखला.

लोणावळ्याने तरी असे बाहेरून बघून ठरवू नये. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये इथे कैवल्यधाम उभारले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करणाऱ्या साधकाचे त्यांनी एक्स-रे काढले, पोटातला दाब यंत्राने मोजला आणि आकडे छापले. साधक तेजस्वी दिसतो, तेव्हा आत सगळे ठीकच असणार, एवढ्यावर त्यांनी भागवले नाही. शंभर वर्षांनंतर त्याच गावातून ट्रेकला निघणारा तरुण बुटांवर जितका खर्च करतो, त्यात बहुतेक ठिकाणी इको होऊन जातो.

कोसळल्यानंतरचे अज्ञान आणखी संतापजनक. हृदय थांबलेल्या माणसाचे हातपाय काही क्षण झटके देतात, म्हणून फिट समजून कांदा हुंगवला जातो. तोंडाने अधूनमधून आचका येतो, म्हणून श्वास चालू आहे असे धरले जाते. त्या अवस्थेत छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, जोरात दाब द्यायचा असतो. तसे केले नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. राजमाचीखालच्या उधेवाडीच्या रस्त्याने 108 ची गाडी किती मिनिटांत येईल याचा हिशेब ज्याने तो रस्ता पाहिला आहे त्याने करावा. शिवदुर्ग मित्र या बचावपथकाची पोरे किती जणांना दरीतून वर काढतात, पण पहिल्या पाच मिनिटांत तिथे सोबतचे मित्रच असतात, आणि ते शूटिंग करत असतात.

आणि घरचे? गेलेल्या मुलाचा धाकटा भाऊ महिन्याभरात पुन्हा पळायला लागतो. शवविच्छेदनाला आधी विरोध झालेला असतो, झालेच तर अहवालातला हृदयाबद्दलचा परिच्छेद कोणी डॉक्टरला दाखवत नाही, कारण बहिणीचे लग्न जमवायचे असते. ‘अतिश्रमाने गेला’ हे सांगायला बरे पडते, अतिश्रम वारशाने जात नाहीत. त्या घराला दुःखात कोणी शिकवू नये हे खरे. पण काटकपणाचा दाखला घेऊन तेराव्याला हजर होणाऱ्या पाहुण्यांना तरी कोणी सांगावे, की त्यांच्या कौतुकामुळे धाकट्याची तपासणी राहून जाते. या आजारात आई-वडील, भावंडे आणि मुले, सगळ्यांना तपासायचे असते. ज्या आईने आयुष्यभर डोक्यावरून पाणी आणले आणि जी कधी आजारी पडली नाही, तिच्याकडूनही दोष आलेला असू शकतो. एकाच घरात एकाला काही होत नाही आणि एक विशीत जातो.

पावसाळी धावण्याच्या स्पर्धांचे अर्ज आता भरले जातील. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे’ हे वाक्य त्यात ठळक अक्षरांत असते. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे का, हा प्रश्न मात्र अनेक अर्जांत सापडत नाही. विचारले तरी लोक खरे लिहितील असे नाही, हेही कबूल. टी-शर्टचा साईज तेवढा न चुकता विचारतात.