पुन्हा वसणे

मराठीत ‘पुनर्वसन’ हा शब्द उच्चारला की प्रथम डोळ्यांपुढे येतात ती धरणग्रस्तांची गावे : कोयनेच्या जलाशयाखाली गेलेली शिवारे, नव्या गावठाणात मांडलेल्या जुन्या चुली आणि जमीन मिळूनही दीर्घकाळ उपरी राहिलेली माणसे. अपघातात पाय गमावलेल्या अथवा पोलिओने अधू झालेल्या माणसासाठीही भाषेने हाच शब्द योजला, ही केवळ परिभाषेची सोय मानता येणार नाही. अशा माणसाचेही विस्थापनच झालेले असते. मात्र तो स्वतःच्या देहातून उठलेला असतो. त्याला पुन्हा ‘वसते’ करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच नीतीचाही आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेची कथा सूचित झाली आहे. संघर्षात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला तत्काळ धातूची जंघा बसवून पुन्हा धावती केली. या कथेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पाय दिला गेला तो शोभेसाठी दिलेला नाही, तिच्या स्वतःच्या कार्यासाठी दिला आहे. आणि तो देताक्षणीच ती धावू लागली. यांतील पहिली गोष्ट मानवी प्रयत्नाचा आदर्श ठरावी अशी आहे. दुसरी मात्र देवांनाच शक्य आहे.

पहिल्या गोष्टीचे आधुनिक प्रत्यंतर जयपूरमध्ये आले. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास नवे कृत्रिम पाऊल सिद्ध केले. तोवर उपलब्ध असलेले पाश्चात्त्य धर्तीचे पाऊल बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला अनुलक्षून घडवलेले होते. येथील शेतकऱ्याला उकिडवे बसावे लागते, मांडी घालावी लागते, चिखलातून आणि ढेकळांतून अनवाणी चालावे लागते. त्यामुळे मिळालेला पाय बाजूला ठेवून माणसे पुन्हा कुबड्यांकडे वळत. सेठी-शर्मा यांनी रबर आणि लाकूड वापरून, वर त्वचेच्या रंगाचे रबरी आवरण असलेले, घोट्यात सर्व दिशांना वळणारे, अनवाणी वापरता येणारे पाऊल बनवले. १९८१ मध्ये सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मा यांचे औपचारिक शिक्षण अल्प होते. मान्यतेच्या वाटपात हात आणि पदवी यांच्यातील जुने अंतर येथेही दिसले.

या पावलामागील विचार मूलगामी आहे. ‘पूर्ण’ शरीर म्हणजे काय, हे शरीरशास्त्राच्या एका आकृतीवरून ठरत नाही. ज्याला जगायचे आहे त्याच्या जगण्यावरून ठरते. भातखाचरात उभे राहणे, देवघरापुढे बसणे, पंगतीत इतरांच्या बरोबरीने मांडी घालणे ही चैन नाही. तीच त्या माणसाची वस्ती आहे. उपचाराचे उद्दिष्ट रुग्णाच्या आयुष्यातून यावे, उपचारकाच्या कल्पनेतून येऊ नये, हा नीतीचा धडा जयपूरने रबराच्या भाषेत सांगितला.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. देवांची देणगी तत्काळ फळते, माणसाची फळत नाही. पाय बसवला म्हणजे चालणे आले असे होत नाही. उरलेल्या अवयवाचे स्नायू बळकट करावे लागतात, आखडलेला सांधा सैल करावा लागतो. समांतर दांड्यांना धरून तोल नव्याने शिकावा लागतो. लहान मुलाच्या बाबतीत तर हे काम संपतच नाही : मूल वाढते, त्याचा कृत्रिम पाय वाढत नाही, तो पुनःपुन्हा बदलावा लागतो आणि दर वेळी चालणे नव्याने जुळवून घ्यावे लागते. प्रौढ माणूस हरवलेली चाल आठवून शिकतो. जन्मतः अधू असलेल्या मुलाला आठवायलाही काही नसते. भौतिकोपचार म्हणजे चमत्काराच्या नेमके उलट टोक होय. त्यात दाता आणि याचक नसतात, रोज त्याच हालचालीकडे परतणारे दोन सहकारी असतात.

येथे दानाच्या परंपरेशी संघर्ष उद्भवतो. दान एका क्षणात पूर्ण होते आणि दाता ऋणमुक्त होतो. पुनर्वसनात असा क्षण येत नाही. तरीही झटपट दानाचा उपहास करणे अन्यायाचे ठरेल. देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ मध्ये जयपूरला स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती विनामूल्य आणि शक्य तितक्या लवकर पाय बसवून देते. दूरच्या खेड्यातून आलेल्या मजुराची प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते. त्याला आठवडे थांबवून ठेवणारी आदर्श पद्धती त्याच्यासाठी बंद दारासारखीच असते. त्याच्या बाबतीत वेग हीच करुणा ठरते. अनेकांना थोडे द्यावे की थोड्यांना पुरेसे, या पेचाला निर्मळ उत्तर नाही. पण पेच खरा असला म्हणून अर्धे काम पूर्ण ठरत नाही. मजुराला थांबता येत नसेल, तर उपचाराने त्याच्या गावापर्यंत जायला हवे.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने पुनर्वसन सेवांची जबाबदारी शासनावर टाकली, पण ती आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. म्हणजे दानाची जागा हक्काने घेतली, तरी हक्काच्या शेवटी दात्याची सवड शिल्लक राहिलीच. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, तेव्हा त्यांच्यापुढेही याच प्रश्नाचे दुसरे रूप होते : कुष्ठरोग बरा झाला तरी गाव माणसाला परत घेत नव्हते. त्यांनी औषधाबरोबर शेत, अवजारे आणि शेजार दिला.

नव्या गावठाणात घर बांधून दिले म्हणजे गाव वसत नाही. पाणवठा, वाट, शेजारी आणि सवय यांनी ते हळूहळू वसते. देहाचेही तसेच आहे. पाय घडवणाऱ्याचे श्रेय मोठे. परंतु त्या पायावर उभे राहणारा माणूस आपल्या दाराशी पोहोचेपर्यंत समाजाचे ऋण फिटलेले नसते.