न्यायाधीशाची खुर्ची

परवा प्रार्थनासभेत ओळखीतल्या एका गृहस्थांनी साक्ष दिली. वडील गेल्यावर बहिणीशी गोड बोलून त्यांनी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली होती. ते बारा वर्षं टोचत होतं. ‘आता प्रभूने क्षमा केली, मीही स्वतःला माफ केलं, मन हलकं झालं.’ सभा ‘आमेन’ म्हणाली. बहीण तिथे नव्हती.

‘स्वतःला माफ करा’ हे हल्ली शास्त्रवचन असल्यासारखं सांगतात. नव्या करारात ते शोधून सापडत नाही. संत ऑगस्टीनने देवापुढे कबूल केलेली पेअरचोरी घ्या, की १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा बंधनकारक केलेला पापांगीकार, म्हणजे गोव्यातलं कुमसार. क्षमा देणारा दुसरा कुणीतरी असतो, याबद्दल तिथवर वाद नाही. घोटाळा होतो तो धर्मसुधारक लूथरपाशी.

एर्फुर्टच्या मठात तरुण लूथर तासन्‌तास पापं कबूल करी आणि एखादं राहून गेलं या धास्तीने पुन्हा परत येई. त्याचं ऐकून त्याचा पापांगीकार घेणारे वरिष्ठ श्टाउपिट्झ कंटाळून जात. या लूथरने पुढे स्वतःच स्वतःला मोकळं केलं, असा समज आहे. मला तो साफ उलटा वाटतो. लूथरला उमगलं ते हे, की आपला झाडा घेणारे आपणच असलो तर तपास कधी संपतच नाही. म्हणून नीतिमत्त्व आपल्या बाहेरून, ख्रिस्ताकडून येतं, असं तो म्हणू लागला. तो न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठला. निकाल आपल्या बाजूने फिरवून घ्यायला तिथेच बसून राहिला नाही. ‘देवाने केली असेल क्षमा, पण मी स्वतःला करू शकत नाही’ म्हणणारा आणि ‘केली बुवा एकदाची’ म्हणणारा, दोघेही त्याच खुर्चीत बसलेले असतात.

शिवाय लूथरचा पश्चात्ताप त्या सुटकेने संपला नाही. १५१८ मध्ये त्याने श्टाउपिट्झना लिहिलं, की मूळ ग्रीक ‘मेटानोइया’चा अर्थ कळल्यावर तो शब्द आपल्याला गोड वाटू लागला. त्या शब्दात मन पालटणं आहे. आपल्या ‘पश्चात्तापा’त नुसता मागाहूनचा ताप, तो उतरला की माणूस बरा झाला, असं वाटायला शब्दही हातभार लावतो. लूथरच्या पंचाण्णव प्रबंधांपैकी पहिलाच सांगतो, की श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं.

लूथरने ज्याच्या पत्रांचा आधार घेतला त्या प्रेषित पौलाचं मन लूथरसारखं पोखरलेलं नव्हतं, हा नव्या कराराचे अभ्यासक क्रिस्टर स्टेंडाल यांचा १९६३ मधला आक्षेप मला मान्य आहे. त्याने मुद्दा पक्काच होतो. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ केल्याचं पौल लपवत नाही, पण ते उगाळतही बसत नाही, कामाला लागतो. विसाव्या शतकात मानसोपचाराची भाषा चर्चमध्ये आली आणि रिकामी खुर्ची पुन्हा भरली. चूक नसताना स्वतःला खाणाऱ्यांना त्या भाषेने आधार दिला, हे खरं. पण त्यांना माफी कशाला हवी? त्यांचा दोषच नव्हता.

जक्कय जकातदाराकडे येशू आपणहून उतरला. लूक सांगतो, जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायचं जाहीर केलं. त्याचं मन हलकं झालं का, याबद्दल लूकने काही लिहिलेलं नाही.

त्या गृहस्थांच्या बहिणीचं घर सभेच्या हॉलपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.