एका मतदाराची अनेक मते

मत कोणाला द्यावे याचा खल आपण उदंड करतो. परंतु दिलेल्या मतांची मोजदाद कोणत्या रीतीने व्हावी, हा प्रश्न मात्र कारकुनी बाब समजून सरकारी दफ्तरावर सोडून देण्याची आपली जुनी वहिवाट आहे. पुणेकरांनी तरी असे करू नये. कारण ज्या कराराला या शहराचे नाव चिकटले, त्याचे खरे मर्म या मोजदादीतच दडलेले होते.

24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्याच्या तुरुंगात झालेल्या त्या पुणे कराराने अस्पृश्यांचा विभक्त मतदारसंघांचा हक्क गेला आणि प्रांतिक कायदेमंडळांतील 148 राखीव जागा पदरात पडल्या. पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाने करावयाची असल्यामुळे, अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण हे ठरविण्याची सत्ता बहुसंख्य सवर्णांच्या हाती राहिली. प्रथम अस्पृश्य मतदारांनीच चार उमेदवारांची निवड करावी, ही तरतूद त्यावरचा उतारा होती खरी. तरी त्या चारांतला सर्वांत मवाळ मनुष्यच पुढे जाण्याची भीती तिने निवारली नव्हती. 1937 च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात ही भीती बऱ्याच अंशी सौम्य झाली, ती एका साध्या मुभेमुळे. मतदारसंघात जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदारास मिळत, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्यास त्यास मनाई नव्हती.

या मुभेचे गणित पाहण्याजोगे आहे. तीन जागा आणि शंभर मतदार धरले, आणि त्यांतल्या सव्वीस जणांनी आपापली तिन्ही मते एकालाच दिली, तर त्या उमेदवारास 78 मते पडतात. उरलेल्या चौऱ्याहत्तर जणांनी आपली 222 मते तिघांत कितीही काटेकोर वाटली, तरी प्रत्येकाच्या वाट्यास 74 च येतात. म्हणजे चतुर्थांशाहून किंचित अधिक असलेल्या समूहास कोणाच्याही मेहरबानीवाचून आपला मनुष्य निवडून आणता येतो. याच पद्धतीने झालेल्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांनी मुंबईत बाळू पालवणकरांचा सुमारे दोन हजार मतांनी पराभव केला. (पूना क्लबात साहेबांना चेंडू टाकता टाकता नामांकित गोलंदाज झालेल्या बाळूंना काँग्रेसने उभे करावे, हा त्या काळातला एक खेदजनक योग.)

पुढे 4 जानेवारी 1949 रोजी घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्य मतदारसंघ आणि मते एकवटण्याची हीच मुभा देशभर लागू करावी अशी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली, तेव्हा तिला विरोध केला तो खुद्द आंबेडकरांनी. प्रमाणशीर प्रतिनिधित्वास मतदार साक्षर हवा आणि त्यातून पक्षांचे तुकडे होऊन सरकार अस्थिर होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. पहिला मात्र, पसंतीचे अनुक्रमांक लिहावे लागतात अशा पद्धतीस लागू पडतो. एकाच पेटीत तीन मतपत्रिका टाकण्यास कोणती साक्षरता लागते?

स्वातंत्र्यानंतर द्विसदस्य मतदारसंघ राहिले, मुभा गेली: दोन मते दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच द्यावीत, असा कायदा झाला. 1952 मध्ये उत्तर मुंबईत नारायण काजरोळकरांकडून आंबेडकर सुमारे 14,500 मतांनी हरले आणि 74,000 हून अधिक मते बाद ठरली. त्याविरुद्ध त्यांनी व त्यांचे सहउमेदवार अशोक मेहता यांनी केलेली निवडणूक-याचिकाही फेटाळली गेली. 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले.

महापालिकेत मात्र बहुसदस्यत्व परतले. पुण्यात 2002 मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, 2007 मध्ये एकाचे, 2012 मध्ये दोघांचे, आणि 2017 मध्ये 162 जागांसाठी 41 प्रभाग पडले, त्यांपैकी 39 चौघांचे. दर खेपेस मुंबईतल्या सत्ताधाऱ्यांनी आपल्या सोयीने कात्री चालविली, असे म्हटल्यास तो आरोप अनाठायी ठरू नये. मॉस्कोतही 2014 मध्ये शहर ड्युमाच्या, म्हणजे तिथल्या नगरसभेच्या, निवडणुकीतून पक्षयाद्या काढून सर्व 45 मतदारसंघ एकसदस्य करण्यात आले. सत्ताधाऱ्यांची ही सोय 2019 मध्ये अंगाशी आली आणि विरोधकांना 20 जागा मिळाल्या.

परंतु सदस्यसंख्येपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आजच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र जागा असतात आणि मतदाराने प्रत्येक जागेस एकेक मत द्यावयाचे असते. म्हणजे एकाच हद्दीत, एकाच मतदारवर्गाच्या, चार निरनिराळ्या निवडणुका. प्रभागात तृतीयांश असलेला समूह पहिल्या जागेवर हरला, तर साधारणतः चारही जागांवर हरतो, आणि निम्म्याहून थोडा मोठा पक्ष चारही नगरसेवक घेऊन जातो. बहुसदस्यत्वाचा जो एकमेव न्याय्य हेतू, त्याचाच येथे लोप झाला आहे. उरला तो विस्तीर्ण प्रभाग आणि तुंबलेल्या गटाराची तक्रार चौघांपैकी कोणाच्या दारी न्यावी हा संभ्रम. स्त्रियांच्या व मागासवर्गांच्या राखीव जागांची सबब पुढे केली जाईल. पण राखीव प्रवर्गातील सर्वाधिक मतांचा उमेदवार आधी निवडून आल्याचे जाहीर करावे आणि मग इतरांची मोजदाद करावी, ही रीत जुन्या मतदारसंघांत रुळलेली होती. सरकारला चार सदस्यांचा प्रभाग हवाच असेल, तर त्याने मतदारास चारही मते एकवटण्याची मुभा द्यावी. ती द्यावयाची नसेल, तर एक प्रभाग, एक नगरसेवक हीच व्यवस्था बरी.