खाटीक पक्षी आणि पाहणाऱ्याची अहिंसा

चैत्रमासी प्रातःकाळी रिद्धपूरच्या परिसरात शेताच्या धुऱ्याने चालू लागले म्हणजे सृष्टी किती गजबजलेली आहे याचा प्रत्यय येतो. पळसाच्या उरल्यासुरल्या फुलांत वाकडी चोच घालून शिंजीर मध शोषीत असतो. त्याच्या अंगास पराग लागतो आणि नकळत तो झाडाचेही कार्य करितो. हे पाहून मन प्रसन्न होते.

परंतु त्याच वाटेवर एकदा बाभळीच्या काट्यास टोचलेला एक नाकतोडा दिसला. त्याचे पाय अद्याप हालत होते. वरच्या फांदीवर खाटीक पक्षी बसला होता. समवेत असलेल्या बालकाने विचारिले, "बाबा, त्याला सोडवू का?" या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

खाटकाचे पाय ससाण्यासारखे बळकट नसतात. भक्ष्य पायांत धरून फाडणे त्यास कठीण जाते. म्हणून तो ते काट्यात अडकवितो आणि कित्येकदा पुढील वेळेसाठी तेथेच राखून ठेवितो. नाकतोडा सोडविला तरी तो वाचेल असे नाही आणि तिकडे घरट्यातील पिले मात्र उपाशी राहतील. म्हणून मी बालकास थांबविले.

येथे कोणी अशी शंका घेईल की, हिंसा डोळ्यांदेखत घडत असता स्वस्थ राहणे ही निर्दयताच नव्हे काय? आणि जीवाने जीवास खावे हाच सृष्टीचा क्रम असेल, तर मनुष्यासच अहिंसेचे बंधन का?

याचे समाधान लीळाचरित्रातील सशाच्या प्रसंगात सापडते. पारध्यांच्या कुत्र्यांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञांच्या जानूतळी आश्रयास आला. स्वामींनी त्यास अभय दिले आणि उपदेश केला तो पारध्यांस, कुत्र्यांस नव्हे. पशूस दुसरा मार्ग निवडण्याचा विवेक नाही, मनुष्यास आहे. जेथे विवेक आहे तेथेच दायित्व आहे. खाटीक भुकेपुरते मारितो; पारधी खेळासाठी, पैजेसाठी मारितो. म्हणून सृष्टिक्रम हे मनुष्याच्या हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही.

आता स्वस्थ राहण्याविषयी. जेथे हिंसा आपल्या हातची नाही, तेथे हात आवरणे हे कधी कधी दयेचेच रूप असते. परंतु जेथे ती आपल्या हातची आहे, तेथे स्वस्थ राहणे हा दोष होय. अंडी पाहण्याच्या हौसेने घरट्यापाशी वारंवार गेल्यास पक्षी ते सोडून जाऊ शकतो. बाग फुलोऱ्यात असता भर सकाळी विषारी औषध फवारल्यास मध घेण्यास आलेल्या माश्या मरतात. तीच फवारणी फुलोरा टाळून, अथवा माश्या परतल्यावर सायंकाळी केली तर कितीतरी जीव वाचतात. एंडोसल्फान या कीटकनाशकावर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. परंतु कायद्याने रोखले नाही ते सर्व निर्दोष, असे साधकाने समजू नये.

परत फिरताना त्या बालकाने पायवाटेवरील मुंग्यांची रांग पाहिली आणि न सांगता ती ओलांडून पाऊल टाकिले. नाकतोड्यासाठी त्यास काही करिता आले नव्हते. मुंग्यांसाठी करिता आले. आपल्या अहिंसेचा आरंभ येथूनच, आपल्याच पावलापासून व्हावा.

दंडवत प्रणाम.