तुळशीची उंची

सज्जनहो, आषाढीची वारी करून घरी आलो, तो कुंडीतली तुळस वीतभर वाढलेली! आम्हांस मोठी धन्यता वाटली. जवळ जाऊन पाहतो, तर काडी बारीक, पेरे लांबलचक, पाने लहान व फिकट, अन् सारे रोप खिडकीकडे झुकलेले. ही वाढ नव्हे, उजेडासाठी चाललेली धडपड होती! देव्हाऱ्याजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आम्हीच तिला ठेवले. पाणी दिले, ऊन दिले नाही. अशा वेळी खतपाण्याचा मारा करू नये. कुंडी हळूहळू उन्हात न्यावी. एकदम नेली तर पाने करपतात. द्वादशी टाळून शेंडा पानांच्या जोडीवर खुडावा व विठोबास वाहावा. खाली दोन फांद्या फुटतात. लांबलेली काडी काही आखूड होत नाही. नवी फूट मात्र दाट येते.

बाबांनो, आमचेही असेच. वाऱ्यांची संख्या वाढली, म्हणून आम्ही उंच झालो काय? नामाचा उजेड नसेल तर ती नुसती काडीच. गेली वर्षे गेली; आज उजेडात बसू, म्हणजे पुढचे पान तरी हिरवे येईल.

रामकृष्णहरि!