रथाचे रथपण

शाकल नगरीचा यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाच्या भेटीस रथात बसून आला, तेव्हा ज्यातून आपण आलात तो रथ म्हणजे नेमके काय, आस की चाके, जू की लगाम, असे नागसेनाने त्याला विचारले. आणि प्रत्येक अवयवास ‘हा नव्हे’ म्हणत म्हणत राजाला अखेर कबूल करावे लागले की रथ हे त्या अवयवांच्या मेळाला व्यवहारापुरते दिलेले नाव आहे. शाकल म्हणजे आजचे सियालकोट, असे बहुतेक विद्वान मानतात. दोन सहस्र वर्षांनंतर त्याच पंजाबात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित होतो. मात्र भिक्षूच्या जागी मिस्त्री असतो आणि रथाच्या जागी सुझुकी मेहरान.

1989 ते 2019 या काळात कराचीत तयार होत राहिलेली ही गाडी म्हणजे 1986 नंतर आपल्या रस्त्यांवर ज्या रूपात मारुती 800 वावरली, तिची सख्खी बहीण: 796 सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, चाळिसाच्या आसपास अश्वशक्ती आणि 12 इंची चाके. नवी वेगवान गाडी घेण्याची ज्याची ऐपत नाही, पण वेगाची हौस ज्याला स्वस्थ बसू देत नाही, असा तरुण लाहोरच्या बिलाल गंजासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन, जपानहून आलेले आणि तेथील बोलीत ‘काबुली’ म्हणून ओळखले जाणारे टर्बो इंजिन घासाघीस करून उचलतो आणि मेहरानचे मूळ इंजिन काढून त्या जागी बसवतो. जपानातील लहान गाड्यांना 1990 पासून 660 सीसीची कायदेशीर आणि 64 अश्वशक्तीची कारखानदारांनी आपसात पाळलेली मर्यादा असल्यामुळे, बसवलेले इंजिन काढलेल्या इंजिनाहून आकाराने लहान, पण बळाने सुमारे दीडपट, असा चमत्कार घडतो.

या चमत्काराचे मर्म टाकाऊ गोष्टीत आहे. सिलिंडरातून बाहेर पडणारा जो तप्त धूर इतरत्र वाया जातो, तोच शंखाकृती कवचातील चक्राला मिनिटाला लाखाहून अधिक फेरे देतो, आणि त्याच आसावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत कोंबते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याने 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील एका सूक्तात उच्छिष्टाला, यज्ञात उरलेल्या शेषाला, विश्वाचा आधार म्हटले आहे; त्या ऋषींना हे यंत्र परके वाटले नसते.

पण हे बळ एकटे येत नाही, आणि नागसेनाचा सिद्धान्त गॅरेजात येथेच पटतो. साखळीला लोंबकळणारे इंजिन बॉनेटखाली उतरले की जुना क्लच घसरू लागतो, इवलासा रेडिएटर उकळतो, माउंटिंगे हादरतात, आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला जास्त दाबाचा पेट्रोल पंप, संगणकाची पेटी व वायरिंगचा जुडगा लागतो. मजल गाठल्यावरही चावी लगेच फिरवून चालत नाही. त्या लालबुंद कवचाच्या आतील बेअरिंगात तेल जळून जाऊ नये म्हणून मिनिटभर इंजिन मंद चालू ठेवून मुकाट बसावे लागते. शक्ती म्हणून वेगळा असा अवयवच नाही. ती मेळाचीच आहे, आणि मेळ बिघडला की शक्तीही उरत नाही.

येथे कोणी विचारील की, रथ हे केवळ नाव असेल आणि इंजिनही बदलले असेल, तर जबाबदार कोण? मिलिंदाचीही हीच शंका होती, आणि तिला नागसेनाने दिलेले उत्तर आंब्याच्या चोराचे आहे: मी तोडलेले आंबे हे मालकाने लावलेले आंबे नव्हेत, असा बचाव चोराने केला, तरी त्याची शिक्षा टळत नाही, कारण नंतरचे फळ आधीच्या कोयीपासूनच परंपरेने आलेले असते. सरकारी दप्तरालाही हे तत्त्व आपल्या परीने ठाऊक आहे. आपल्याकडील नोंदणीच्या दाखल्यावर चेसिसचा आणि इंजिनाचा असे दोन्ही क्रमांक रुजू असतात, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम, कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंद विसंगत होईल असा फेरफार मालकाला करू देत नाही. अवयवांच्या मेळापलीकडे वेगळा ‘आत्मा’ नाही हा नागसेनाचा अनात्मवाद कितीही खरा असला, तरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या इसमाला धडक बसते ती नावाची नव्हे, वस्तूची. आणि तिचे फळ चालवणाऱ्याच्या खात्यावर जमा होते.

आपल्या परंपरेत मंत्र देण्यापूर्वी गुरू शिष्याचा अधिकार पाहत असे. गाडीचा हा अधिकार म्हणजे तिचे ब्रेक. तुटपुंज्या पैशाच्या जमाखर्चात इंजिनाची रक्कम आधी मांडली जाते आणि ब्रेकांच्या बाबीपाशी येईतो थैली रिती होते, हाच या हौसेतला खरा अधर्म. म्हणून ज्याला हा उद्योग करायचाच आहे, त्याने आधी कायद्याची परवानगी पाहावी, मग ब्रेकांचे पैसे बाजूला काढावेत, आणि उरल्या रकमेत जे इंजिन बसेल तेवढ्यावरच समाधान मानावे.